रक्त ‘शुद्ध’ करणारा रस आणि वाढलेले क्रिएटिनिन

प्रश्न : माझे सासरे ६६ वर्षांचे आहेत. त्यांना बरीच वर्षे मधुमेह आणि रक्तदाब असून दोन्हीच्या गोळ्या सुरू आहेत. गुडघे दुखतात म्हणून ते औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या स्वतःच आणून घेतात. दिवाळीनंतर गावात एक शिबिर झाले आणि तिथून त्यांनी ‘शरीरशुद्धी’चा संच आणला. सकाळी उपाशीपोटी दुधी, पालक आणि आवळ्याचा मोठा ग्लासभर रस, रात्री झोपताना एक चूर्ण, ज्याने सकाळी तीन-चार वेळा पातळ शौचाला होते, आणि दिवसभरात चार-पाच लिटर पाणी असा त्यांचा नेम आहे. अंग हलके वाटते, रक्त शुद्ध होते असे ते म्हणतात. पूर्वी त्यांचे क्रिएटिनिन १.३ होते, ते मागच्या महिन्यात १.७ आले. शिबिरातल्या लोकांना विचारले तर विष बाहेर पडताना आकडे असे वाढतातच, असे उत्तर मिळाले. माझा मुलगा नववीत आहे. त्याने विचारले, ‘रक्त शुद्ध करायचे काम वृक्क (म्हणजे मूत्रपिंडे) करतात असे पुस्तकात आहे, मग आजोबा रस कशाला पितात?’ मला उत्तर देता आले नाही. मामांचे मन दुखवायचे नाही, पण भीती वाटते. काय करावे?
— एक वाचक, कराड तालुका

उत्तर :

सप्रेम नमस्कार. आपली भीती रास्त आहे, म्हणून आधी काय करायचे ते लिहितो आणि कारणे मागाहून सांगतो. रात्रीचे चूर्ण आजपासून बंद करावे. वेदनाशामक गोळ्याही आजपासून बंद कराव्यात. सकाळचा रस थांबवावा. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत, त्यांचे काय करायचे ते डॉक्टरांना ठरवू द्यावे. त्यासाठी याच आठवड्यात मामांना त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे न्यावे आणि जाताना दोन्ही रक्ततपासण्यांचे कागद, सगळ्या गोळ्यांची पाकिटे आणि त्या चूर्णाचा डबा सोबत ठेवावा.

आता शिबिरातल्या उत्तराविषयी, कारण सर्वांत घातक गोष्ट तीच आहे. क्रिएटिनिन हा आपल्या स्नायूंच्या रोजच्या कामातून तयार होणारा टाकाऊ पदार्थ आहे. स्नायूंचा आकार एकदम बदलत नाही, त्यामुळे तो रोज जवळजवळ सारख्याच प्रमाणात तयार होतो आणि जवळजवळ संपूर्णपणे मूत्रपिंडांवाटे लघवीत जातो. रक्तातले त्याचे प्रमाण वाढले याचा अर्थ तो बाहेर पडण्याचा वेग कमी झाला. शरीरातून टाकाऊ पदार्थ खरोखरच जास्त बाहेर पडत असते, तर हा आकडा खाली यायला हवा होता. ‘विष बाहेर पडताना आकडे वाढतात’ हे वाक्य ऐकायला पटणारे असले तरी वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे, आणि अशा वाक्यामुळे माणूस धोक्याची खूण दिसत असताना निश्चिंत राहतो, याचे मला फार वाईट वाटते.

१.३ वरून १.७ हा फरक कागदावर लहान दिसतो, पण तो लहान नाही. क्रिएटिनिनचा आकडा सुटा वाचायचा नसतो. वय आणि लिंग लक्षात घेऊन त्यावरून मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज काढतात, त्याला ईजीएफआर म्हणतात. प्रयोगशाळेच्या अहवालात तो बहुधा क्रिएटिनिनच्या खालच्या ओळीत छापलेला असतो आणि बहुतेक जण तो वाचतच नाहीत. क्रिएटिनिन १.२ असेल तर पंचवीस वर्षांच्या पुरुषात हा वेग ८५ च्या आसपास निघतो, तर सत्तर वर्षांच्या स्त्रीमध्ये त्याच १.२ वर तो पन्नाशीच्याही खाली असतो. मामांच्या वयाला १.३ म्हणजे साधारण ६०, आणि १.७ म्हणजे साधारण ४४. ईजीएफआर ६० च्या खाली तीन महिन्यांहून अधिक काळ राहिला, तर त्याला मूत्रपिंडाचा दीर्घकालीन विकार म्हणतात. मामांच्या बाबतीत हा आकडा कायमचा खाली आला आहे की चूर्ण आणि गोळ्यांमुळे तात्पुरता घसरला आहे, हे आज कोणी सांगू शकणार नाही. तात्पुरता असेल तर कारण दूर केल्यावर तो बराचसा सावरू शकतो. म्हणूनच उशीर न करण्याचा आग्रह धरतो आहे.

आपल्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर द्यायला हवे, कारण मामांना समजावण्याचा मार्गही त्यातूनच निघेल.

जिवंत पेशीत सतत काही ना काही जळत असते, तुटत असते, नव्याने घडत असते. त्या कामातून जे उरते आणि साचले तर पेशीलाच बाधते, ते बाहेर टाकण्याला उत्सर्जन म्हणतात. पिष्टमय आणि स्निग्ध पदार्थ जळले की मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरते. एक प्रौढ माणूस दिवसभरात साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड श्वासावाटे सोडतो, म्हणजे वजनाच्या हिशेबाने पाहिले तर आपले सर्वांत मोठे उत्सर्जक इंद्रिय फुप्फुस ठरते. अडचण येते ती प्रथिनांची. डाळ, दूध, मासे, अंडी यांतल्या प्रथिनांत नायट्रोजन असतो आणि तो मोकळा झाला की अमोनिया तयार होतो. अमोनिया अत्यंत विषारी आहे. रक्तात त्याचे प्रमाण थोडेसे वाढले तरी मेंदूवर परिणाम होतो. यकृत निकामी झालेल्या रुग्णाला गुंगी येते, भान हरपते, त्यामागचे एक मोठे कारण हेच.

या अमोनियाचे काय करायचे, हा प्रश्न प्रत्येक प्राण्याने आपल्याजवळ पाणी किती आहे यावरून सोडवला आहे, आणि मला स्वतःला जीवशास्त्रातला हा भाग फार आवडतो. नदीतल्या बहुतेक माशांभोवती पाणीच पाणी असते, त्यामुळे ते अमोनिया जसाच्या तसा कल्ल्यांवाटे पाण्यात सोडून देतात. बेडकाचे पिल्लू पाण्यात असते तोवर तेही मुख्यतः अमोनियाच सोडते, पण त्याला पाय फुटून ते जमिनीवर आले की त्याचे शरीर युरिया तयार करू लागते. युरिया कमी विषारी असल्यामुळे तो थोड्या पाण्यात साठवून ठेवता येतो. ज्यांना त्याहूनही कमी पाण्यात भागवायचे आहे ते पक्षी, सरपटणारे प्राणी आणि कीटक युरिक आम्ल तयार करतात, जे पाण्यात जेमतेम विरघळते आणि जवळजवळ घट्ट स्वरूपातच बाहेर टाकता येते. मुलाला सांगा की भिंतीवरच्या पालीची विष्ठा एकदा नीट पाहा. काळ्या लेंडीच्या टोकाला पांढरा ठिपका असतो. काळा भाग म्हणजे खाल्लेल्या किड्यांचा न पचलेला चोथा, आणि पांढरा ठिपका म्हणजे त्या पालीची लघवी, युरिक आम्लाच्या रूपातली. कावळ्याच्या विष्ठेतला पांढरा भागही तोच असतो.

माणसाने युरियाचा मार्ग धरला आहे. अमोनियापासून युरिया बनवण्याचे काम यकृतात चालते. जर्मनीत हान्स क्रेब्ज आणि त्यांचा विद्यार्थी कुर्ट हेन्सेलाइट यांनी १९३२ मध्ये उंदराच्या यकृताच्या पातळ चकत्यांवर प्रयोग करून युरिया बनवणाऱ्या या रासायनिक चक्राचा उलगडा केला. नेहमीचे जेवण घेणाऱ्या माणसाचे यकृत रोज साधारण २० ते ३० ग्रॅम युरिया तयार करते. यकृत विष निष्प्रभ करते, मूत्रपिंडे ते बाहेर काढतात, आणि ही दोन्ही कामे आपण झोपलेले असतानाही क्षणभर न थांबता चालू असतात. जुन्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवसांनी मोडतात, त्यांच्यापासून तयार होणारे बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य यकृत पित्तात सोडते. शौचाचा तपकिरी रंग आणि लघवीचा पिवळा रंग हे दोन्ही त्या बिलिरुबिनपासूनच येतात.

वनस्पतींना मूत्रपिंडे नसतात. त्या आपले टाकाऊ पदार्थ पानांत, सालीत, डिंकात साठवतात आणि जुनी पाने गळून पडताना त्यांतले बरेचसे झाडापासून दूर जाते. अळूची पाने नीट शिजली नाहीत तर घशाला खाज येते, ती पानांतल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. हे ऑक्झलेट लक्षात ठेवावे, कारण मामांच्या ग्लासातल्या रसाविषयी बोलताना त्याचे नाव पुन्हा घ्यावे लागणार आहे.

आता मूत्रपिंडांकडे येऊ. कमरेच्या वर पाठीच्या बाजूला असलेली ही दोन इंद्रिये प्रत्येकी साधारण दीडशे ग्रॅम वजनाची असतात, पण हृदयातून निघणाऱ्या एकूण रक्ताचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्तच त्यांच्याकडे जातो. प्रत्येक मूत्रपिंडात साधारण दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म नळ्या, असतात. नेफ्रॉनच्या तोंडाशी अतिशय बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुंता असतो. त्यात रक्त आणणारी वाहिनी रुंद आणि बाहेर नेणारी अरुंद असल्यामुळे आत दाब निर्माण होतो, आणि त्या दाबाने रक्तातला द्रव गाळला जाऊन नळीत उतरतो. रक्तपेशी आणि मोठी प्रथिने मागे राहतात. बाकी सगळे, म्हणजे पाणी, मीठ, साखर, अमिनो आम्ले, युरिया, क्रिएटिनिन, औषधांचे अंश, एकत्रच खाली जाते. दिवसभरात असा जवळजवळ १८० लिटर द्रव गाळला जातो. आपल्या रक्तातला द्रवभाग जेमतेम तीन लिटर असतो, म्हणजे तो दिवसात साठ वेळा या गाळणीतून जातो. त्यानंतर नळीच्या पेशी शरीराला हवे ते परत उचलतात. गाळलेल्या द्रवातली साखर निरोगी माणसात जवळजवळ पूर्ण परत घेतली जाते, आणि सोडियमचा हिशेब मिठात मांडला तर दीड किलोच्या आसपास मीठ रोज गाळले जाऊन त्यातले बहुतेक सगळे परत येते. शेवटी लघवी म्हणून दीड-दोन लिटरच उरते.

दिवाळीच्या साफसफाईत आपण कपाटातल्या सगळ्या वस्तू बाहेर काढतो आणि लागतील त्याच परत ठेवतो, तशीच ही पद्धत आहे. तिचा मोठा फायदा असा की विष ओळखण्याची फारशी गरजच उरत नाही. जे परत उचलायचे नाही ते आपोआप बाहेर जाते. आपल्या पूर्वजांच्या शरीराने कधीही न पाहिलेले, प्रयोगशाळेत काल तयार झालेले कितीतरी औषधही मूत्रपिंडे बाहेर टाकू शकतात ते यामुळेच. एवढे काम चोवीस तास चालू असताना ग्लासभर रस त्यात कोणती भर घालणार? ‘शरीरशुद्धी’चा संच विकणाऱ्याला एक साधा प्रश्न विचारावा : नेमका कोणता पदार्थ बाहेर पडतो, तो कशावाटे पडतो, आणि तो पडला हे कोणत्या तपासणीत दिसते? ज्याच्याकडे या तिन्हींचे उत्तर नाही, त्याच्याकडून पोटात घ्यायची कोणतीही वस्तू विकत घेऊ नये.

मूत्रपिंडांचे रक्त शुद्ध करण्याचे काम बाहेरून करण्याचा खरा उपाय आजवर एकच निघाला आहे, तो म्हणजे डायलिसिस. जर्मनव्याप्त नेदरलँड्समध्ये १९४३ साली विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरने लाकडी पिंपाभोवती सेलोफेनची लांब नळी, जी सॉसेजच्या वेष्टनासाठी वापरत, ती गुंडाळली. त्या नळीतून रुग्णाचे रक्त फिरवले आणि पिंप क्षारांच्या द्रावणात फिरते ठेवले. सुरुवातीचे जवळजवळ सगळे रुग्ण दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक स्त्री बेशुद्धीतून शुद्धीवर आली आणि हा मार्ग खरा आहे हे सिद्ध झाले. आजची यंत्रे कितीतरी सुधारलेली आहेत, तरीही रुग्णाला बहुधा आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास यंत्राला जोडून घ्यावे लागते, आणि आठवड्यातल्या १६८ तासांपैकी त्या बारा तासांत निरोगी मूत्रपिंडांच्या कामाचा थोडाच हिस्सा पार पडतो. हे घाबरवण्यासाठी लिहीत नाही. मामांपुढे आज तो प्रसंग नाही आणि पुढेही येऊ नये यासाठी बरेच काही करता येण्यासारखे आहे.

‘अंग हलके वाटते’ या त्यांच्या म्हणण्याकडे मात्र दुर्लक्ष करू नये, कारण ते खोटे बोलत नाहीत. तीन-चार जुलाब झाल्यावर आतडे रिकामे होते, शरीरातले पाणी आणि क्षार कमी होतात, वजनकाट्यावर काटा खाली सरकतो आणि तात्पुरते हलके वाटते. पोट साफ झाले की शरीर साफ झाले, ही आपल्याकडची जुनी आणि खोल रुजलेली समजूत आहे. बद्धकोष्ठ असलेल्या माणसाला पोट साफ झाल्यावर मिळणारा आराम खराच असतो, पण आतड्यात जे असते त्यातला बहुतेक भाग म्हणजे न पचलेला चोथा, पाणी आणि जीवाणू. तो पेशींमध्ये तयार झालेला कचरा नव्हे. पालीच्या लेंडीतल्या काळ्या आणि पांढऱ्या भागाइतका हा फरक स्पष्ट आहे. जुलाबाच्या चूर्णाने रक्तातला युरिया किंवा क्रिएटिनिन बाहेर पडत नाही. घामाचेही तसेच. घामाचे काम शरीर थंड ठेवण्याचे आहे, त्यातून जाणारा टाकाऊ भाग लघवीच्या तुलनेत नगण्य असतो.

इथपर्यंत चूर्ण केवळ निरुपयोगी ठरते. मामांच्या बाबतीत ते धोकादायक का, ते आता सांगतो, आणि पत्रातला हाच भाग वाचून मी सर्वांत जास्त अस्वस्थ झालो. मूत्रपिंडातल्या गाळणीचा सगळा खेळ दाबावर चालतो हे वर आलेच आहे. जुलाबांनी शरीरातले पाणी आणि क्षार कमी झाले की मूत्रपिंडांकडे येणारे रक्त कमी होते. अशा वेळी मूत्रपिंड स्वतःला वाचवण्यासाठी दोन गोष्टी करते : रक्त आणणारी वाहिनी रुंद ठेवते आणि बाहेर नेणारी आवळून धरते, म्हणजे आतला दाब टिकतो. आणणारी वाहिनी रुंद ठेवण्याचे काम प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ करतात आणि डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या नेमके तेच पदार्थ तयार होऊ देत नाहीत. दुसरीकडे, मधुमेही माणसाला रक्तदाबासाठी बहुधा ज्या गटातली गोळी देतात, ज्यात रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन येतात, ती बाहेर नेणारी वाहिनी सैल करते. एरवी हाच परिणाम मूत्रपिंडांना हितकारक असतो, कारण त्यामुळे गाळणीवरचा दीर्घकालीन ताण कमी होतो, आणि म्हणूनच ही गोळी चांगली आहे. पण जुलाब, वेदनाशामक आणि ही गोळी एकाच वेळी आली, तर बचावाचे दोन्ही मार्ग बंद होतात आणि गाळण्याचा वेग एकदम कोसळू शकतो. त्यात लघवी वाढवणारी गोळीही असेल तर धोका आणखी वाढतो. मामा रक्तदाबाची कोणती गोळी घेतात ते आपण लिहिलेले नाही, म्हणून पाकिटे डॉक्टरांना दाखवण्याचा आग्रह केला. आणि एक पुढच्यासाठी : कधीही उलट्या-जुलाबांचा आजार झाला, तर त्या दिवसांत या गोळ्यांचे काय करायचे हे डॉक्टरांना आधीच विचारून लिहून ठेवावे.

रसाविषयी. भाजी म्हणून शिजवलेला दुधी, आमटीतला पालक किंवा जेवणातला आवळा यांच्याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. प्रश्न कच्च्या रसाचा आणि रोजच्या मोठ्या मात्रेचा आहे. पालकात ऑक्झलेट भरपूर असते. आवळ्यात क जीवनसत्त्व खूप असते आणि त्याचाही काही भाग शरीरात ऑक्झलेटमध्येच रूपांतरित होतो. रोज उपाशीपोटी असा रस घेतल्याने कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक, म्हणजे अळूत असतात तेच रसायन, मूत्रपिंडाच्या नळ्यांमध्ये साचून मूत्रपिंडे बिघडल्याचे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले आहेत, आणि ज्यांची मूत्रपिंडे आधीच थकलेली आहेत त्यांना हा धोका अधिक. शिवाय पालकात पोटॅशियमही बरेच असते. थकलेल्या मूत्रपिंडांना ते बाहेर टाकणे जमत नाही, आणि रक्तात वाढलेले पोटॅशियम हृदयाची लय बिघडवू शकते. त्याच कारणाने मामांनी तपासणी होईपर्यंत रोजचे शहाळ्याचे पाणी आणि ‘कमी सोडियम’ म्हणून मिळणारे मीठ टाळावे. त्या मिठात सोडियमऐवजी पोटॅशियम घातलेले असते. दुधीचे म्हणाल तर कडू निघालेल्या दुधीच्या रसाने गंभीर विषबाधा होऊन माणसे दगावलेली आहेत, आणि त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने कडू लागणारा रस मुळीच पिऊ नये असे बजावले. चूर्णात काय आहे ते मला माहीत असण्याचा प्रश्न नाही, तुम्हालाही नाही, आणि बहुधा विकणाऱ्यालाही नाही. घटकांची यादी, उत्पादन परवान्याचा क्रमांक आणि तारीख छापलेली नसलेले चूर्ण किंवा भस्म, मग ते कोणत्याही पद्धतीचे म्हणून विकले जात असो, मूत्रपिंडाच्या रुग्णाने घेऊ नये. आयुर्वेदिक उपचार घ्यायचेच असतील तर पदवीधर वैद्यांकडे जावे आणि क्रिएटिनिनचा कागद त्यांच्यापुढे ठेवावा.

चार-पाच लिटर पाण्याचा नेमही सोडावा. पाणी जास्त प्यायले की मूत्रपिंडे ‘धुतली’ जातात असे नाही. मूतखडा पुन्हा पुन्हा होणाऱ्यांना भरपूर पाण्याचा फायदा होतो हे खरे आहे, पण मूत्रपिंडांच्या दीर्घकालीन विकारात पाणी वाढवल्याने ऱ्हास थांबतो का, याची कॅनडात चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि वर्षभर जास्त पाणी पिणाऱ्यांची मूत्रपिंडे इतरांपेक्षा चांगली राहिल्याचे आढळले नाही. पायांवर सूज किंवा हृदयाचा विकार असेल तर जास्त पाणी अपायकारकच ठरते. तहानेप्रमाणे प्यावे, लघवी फिकट पिवळी राहावी एवढे प्यावे. उन्हात शेतात काम असेल त्या दिवशी अर्थातच जास्त लागेल.

डॉक्टरांकडे गेल्यावर क्रिएटिनिनची तपासणी पुन्हा करून घ्यावी, सोबत पोटॅशियम पाहावे, आणि लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचे क्रिएटिनिनशी प्रमाण जरूर मोजून घ्यावे. ही शेवटची तपासणी साध्या लघवीच्या नमुन्यावर होते आणि तरीही कितीतरी मधुमेही माणसांची ती कधी झालेलीच नसते. हे प्रमाण ३० च्या वर गेले म्हणजे गाळणीतून प्रथिन झिरपू लागले आहे, आणि क्रिएटिनिन वाढण्याच्या कितीतरी आधी ही खूण दिसू शकते. मूत्रपिंडांचे निम्मे काम गेले तरी माणसाला काहीच जाणवत नाही, गेलेले नेफ्रॉन परत येत नाहीत, त्यामुळे लक्षणांची वाट पाहण्यात अर्थ नसतो. डॉक्टर कदाचित सोनोग्राफी सांगतील, मूत्रपिंडविकारतज्ज्ञांकडे पाठवतील. मूत्रपिंडांचे रक्षण करणारी ग्लिफ्लोझिन गटातली औषधे मामांना योग्य आहेत का, हेही त्यांना विचारावे. गंमत अशी की मूत्रपिंड साखर परत उचलते, तीच प्रक्रिया ही औषधे काही अंशी रोखतात आणि त्यातून मूत्रपिंडांचेच भले होते.

घरात मिठाकडे लक्ष द्यावे. दिवसाला माणशी पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, आणि त्यात पापड, लोणचे, फरसाण सगळे आले. सैंधवही मीठच आहे, त्याने काही वेगळे होत नाही. गुडघ्यांसाठी फिजिओथेरपीचे व्यायाम, शेक आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत पॅरासिटॅमॉल हा मार्ग आहे. वेदना अशी सहन करत बसायला सांगितले तर मामा पुन्हा त्याच गोळ्यांकडे वळतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

मामांशी बोलताना त्यांचा रस चुकीचा आहे इथून सुरुवात करू नये. पहाटे उठून, चवीला न रुचणारा रस नेमाने पिणारा माणूस आपल्या प्रकृतीची काळजी घेतो आहे, एवढे तरी मान्य करायला हवे. तो नेम मोडू न देता त्याची दिशा बदलावी : सकाळी रसाऐवजी गुडघ्यांचे व्यायाम आणि झेपेल तेवढे चालणे, मग रक्तदाब मोजून वहीत तारखेनिशी लिहिणे. वही नातवाने सांभाळावी आणि दोन्ही अहवालांतले ईजीएफआरचे आकडे त्यानेच आजोबांना वाचून दाखवावेत. सुनेचे म्हणणे टाळता येते, नववीतल्या नातवाने पुस्तक उघडून विचारलेला प्रश्न टाळणे कठीण असते. आपल्या यजमानांनाही या बोलण्यात बसवावे. सगळा भार आपण एकटीने घेऊ नये.

डॉक्टरांची भेट होईपर्यंत काही खुणांवर लक्ष ठेवावे. लघवीचे प्रमाण एकदम कमी झाले, चेहऱ्यावर किंवा पायांवर सूज आली, दम लागू लागला, सतत मळमळ किंवा उलट्या होऊ लागल्या, किंवा बोलण्यात असंबद्धपणा आला, तर दिवस ठरवण्याची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे, आणि तिथल्या डॉक्टरांना चूर्ण, रस आणि वेदनाशामक गोळ्या यांविषयी न विचारताही सांगावे.